मास्तरांनी शिवलेलं शीड

त्याला घरी, ऑफिसात आणि धक्क्यावर सगळे धडपड्या म्हणत. नाव बायकोनं ठेवलं होतं, तेही लग्नानंतर महिन्याभरातच, आणि ते इतकं चपखल बसलं की त्याच्या खऱ्या नावाला पुढे फक्त बँकेत आणि दवाखान्यात काम उरलं. वय सेहेचाळीस. नोकरी एका बस कंपनीच्या ऑफिसात. कोणती बस कोणत्या थांब्यावर किती वाजता पोचेल हे सांगणारा प्रोग्राम सांभाळायचा, आणि हे काम तो चोख करायचा. बस उशिरा यायची ती यायचीच, पण किती उशिरा येणार ते मिनिटावर कळायचं.

खरा गोंधळ ऑफिस सुटल्यावर सुरू व्हायचा. डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती प्रत्यक्षात उतरवल्याशिवाय याला चैन पडत नसे, आणि ती अर्धी उतरते न उतरते तोच दुसरी शिरत असे. कुंडीतल्या झाडाला तहान लागली की फोनवर निरोप पाठवणारी डबी झाली. दोरीवरचे कपडे वाळले की वाजणारा चिमटा झाला; तो वाजायचा, पण कपडे घडी होऊन कपाटात गेल्यावर. दाराशी कोण आलंय हे पावलांच्या आवाजावरून ओळखणारं यंत्र झालं, त्याला येणारा प्रत्येक माणूस पोस्टमन वाटायचा. फोटोवरून शिडाचा बाक मोजणारा एक प्रोग्राम निम्मा लिहून पडला होता. "एक ना धड, भाराभर चिंध्या," बायको म्हणायची. हे ती रागानं म्हणायची नाही. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावणं हा तिचा रोजचा उद्योग, त्यामुळे धीर तिच्यापाशी भरपूर होता आणि निदान सहसा चुकत नसे.

शीड म्हटलं म्हणजे बोट आलीच. ही बोट त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी होती. लाकडी, अठरा फुटी, एका डोलकाठीची. आधीच्या मालकानं 'कुणीतरी घेऊन जा हो' अशी पाटी टांगून ती धक्क्यावर सोडून दिली होती, आणि असली पाटी वाचून थांबणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता. चार वर्षं तो तिला धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खरवडत, तासत, रंगवत होता. शेडमध्ये बोटी दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. तो कमी बोलायचा आणि बोलायचा ते लागायचं. "साहेब, तुम्ही हिच्यावर जेवढा वेळ पॉलिश पेपर घासलात, तेवढ्या वेळात मी दुसरी बोट केली असती," असं तो म्हणे, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच रंधा घेऊन मदतीला येई.

त्या वर्षी मात्र घराची सगळी घडीच बदलली. बायको विभागप्रमुख झाली आणि तिच्या येण्याजाण्याच्या वेळांचा भरवसा उरला नाही. धडपड्याला ऑफिसनं आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करायला सांगितलं. आणि मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे त्याचे वडील. शिंपी. रेल्वेनं पाच तासांवरच्या गावात त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं दुकान चालवलं. कोट, शर्ट, पँट. मास्तरांची शिवण म्हणजे पट्टीनं मारलेली रेघ, असं गिऱ्हाइकं म्हणत. धडपड्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली, मागच्या साली दुकानाची जुनी इमारत पाडली, आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत एकटे राहू लागले. हिवाळ्यात ते जिन्यावरून पडले. ही बातमी मुलाला त्यांनी दिली नाही, खोलीमालकानं दिली. "पाय मुरगळला होता," मास्तर फोनवर म्हणाले, "त्यात कळवायचं काय?"

त्या दिवसापासून धडपड्याच्या मनानं एकच घेतलं होतं, बाबांनी आता कायमचं इथे राहायला यावं. पण बापलेकांत असलं काही बोलायची पद्धत नव्हती. छाती किती, बाही किती, यापलीकडे त्यांचं बोलणं फारसं कधी गेलं नव्हतं. म्हणून डोळ्यांचं निमित्त काढलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि सुनेचं इस्पितळ चांगलं होतं. मास्तर आले ते अटी घालूनच. आधी एक डोळा, महिन्यानं दुसरा, मग महिनाभर औषधाचे थेंब, की परत. खोलीमालकाला ती खोली पुतण्यासाठी हवी होती. तिसरा महिना संपायच्या आत ठेवतो की सोडतो ते कळवायचं, असं मास्तरांनी त्याच्याशी ठरवलं होतं. एकदा सोडली की गेली, मग परत जायला जागा नाही.

त्यांना दिलेल्या खोलीत तोवर धडपड्याच्या सगळ्या चिंध्या नांदत होत्या. वायरी, डब्या, उघडी पडलेली यंत्रं आणि दाराआड शिडाची भली मोठी वळकटी. मास्तर पलंगाच्या कडेला बसायचे, स्टेशनवर गाडीची वाट बघणारा माणूस बसतो तसे. काही करायला उठले की सून म्हणायची, "असू द्या बाबा, मी करते." ते पुन्हा बसायचे. "मी इथे काय उपयोगाचा?" ते म्हणायचे. "तुमचं तुमचं चालू द्या."

यावर धडपड्याला सुचलं काय, तर यंत्र. बाबांना इथे सुरक्षित वाटलं पाहिजे, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि कमरेला बांधायचा एक पट्टा तयार केला. माणूस धाडकन पडला की पट्टा तीन जणांना फोन लावणार: मुलाला, सुनेला आणि शेजारच्या बाईंना. मास्तरांनी तो दोन दिवस मुकाट्यानं बांधला. तिसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना काढला आणि पलंगावर भिरकावला. विभागप्रमुख झाल्यावरची पहिली मीटिंग घेत असलेल्या सुनेच्या पर्समधून "मास्तर पडले आहेत, मास्तर पडले आहेत" असा ठणाणा सुरू झाला. धडपड्या ऑफिसातून धावत सुटला, तर त्याच्याच कंपनीची बस नेमकी अकरा मिनिटं उशिरा आली, आणि तसं त्याला बरोबर आधीच कळलंही होतं. शेजारच्या बाई जादाची किल्ली घेऊन आत शिरल्या तेव्हा मास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर येत होते.

"मी पडलो नव्हतो," संध्याकाळी मास्तर म्हणाले. "पट्टा पडला होता. त्याला सांभाळा."

त्यानंतर ते दिवस मोजायला लागले. सकाळी चहाला बसले की आकडा सांगायचे. पंचेचाळीस राहिले. चव्वेचाळीस राहिले. धडपड्या वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचा आणि बायको त्याच्याकडे बघत राहायची.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि मास्तरांना एकाएकी सगळं दिसायला लागलं. सगळं म्हणजे सगळ्यांची शिवण. "सूनबाई, या कोटाला खिसा कुणी लावला? डावीकडे घसरलाय." सोफ्याची उशी उसवलेली होती, पडदे एकमेकांहून बोटभर लांडे होते, आणि जावयासारखी खातिरदारी करून घेणाऱ्या त्यांच्या मुलाच्या शर्टाचं तिसरं बटण चौथ्या काजात जात होतं. आठवड्याभरात घरातलं प्रत्येक बटण जागेवर आलं. मग उसवलेलं काही उरलं नाही, आणि मास्तरांची नजर दाराआडच्या वळकटीवर गेली.

एका बुधवारी धडपड्या घरी आला तर दार अर्धंच उघडलं. सोफा, टेबल, खुर्च्या सगळं भिंतीला लावलेलं, आणि बाल्कनीपासून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत शीड पसरलेलं. त्याच्या मधोमध मास्तर गुडघ्यांवर बसलेले, तोंडात टाचण्या, हातात खडू.

"बूट बाहेर काढ," टाचण्यांमधून आवाज आला.

"बाबा, हे काय?"

"ते मी तुला विचारतोय. हे कुणी केलंय?"

"शीड जुनंच आहे. फाटलं होतं तिथे मी फक्त चिकटवलं. गोंदानं."

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "शिंप्याचा मुलगा, आणि कापड गोंदानं चिकटवतो. हे बाहेर कुणाला सांगू नकोस." मग त्यांनी हातानं शीड दाबून दाखवलं. "आणि हे बघ. हे जमिनीवर बसतच नाही. इकडून दाबलं की तिकडून फुगतं. कड बघ, पट्टी लावून बघ, चार बोटं बाहेर पळालीय. या दोन पट्ट्यांमधली शिवण एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. कुणीतरी दारू पिऊन शिवलंय."

"दुरुस्त होईल?"

"होईल म्हणजे?" मास्तर म्हणाले. "मशीन आण माझं."

इथे धडपड्यानं क्षणभर थांबायला हवं होतं. शिडाच्या बाकाबद्दल त्यानं रग्गड वाचलं होतं, त्यावर निम्मा प्रोग्राम लिहिला होता. जमिनीवर सपाट न बसणारं शीड ही काही चूक नव्हे, हे त्याच्या डोक्यात कुठेतरी नक्की होतं. पण त्याच्या कानात एवढंच घुमत राहिलं: मशीन आण माझं. जाणारा माणूस मशीन कशाला मागवेल? आनंदाच्या भरात माणसाची अक्कल पेंड खायला जाते, तशी याची गेली.

रविवारी त्यानं ऑफिसातल्या एकाची व्हॅन मागून घेतली, पाच तास जाऊन आणि पाच तास येऊन मास्तरांच्या खोलीतून ते लोखंडी शिवणमशीन आणलं, आणि पाठीचा कणा जागेवर आहे ना ते बायकोकडून तपासून घेतलं. मशीन खिडकीपाशी बसवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "खोकं फेकू नका. शीड झालं की परत न्यायचंय."

तीन आठवडे मशीन चाललं. मास्तर सकाळचा आकडा सांगायचे विसरले. पोळी-भाजी जेमतेम चिवडणारा माणूस आता दुसऱ्यांदा वाढून मागायला लागला. संध्याकाळी धडपड्या घरी आला की त्याच्या हातात कापडाचं लांबचं टोक दिलं जाई आणि मास्तर मशीनवरून हुकूम सोडत, "ओढू नकोस. नुसतं धर." एकदा शिवता शिवता ते मान वर न करता म्हणाले, "तुझी आई असंच धरायची. तिला सांगावं लागायचं नाही." त्यांच्या तोंडून आईचं नाव दोन वर्षांत निघालं नव्हतं. धडपड्याला इतकं बरं वाटलं की त्यानं टोक आणखी जपून धरलं.

शीड तयार झालं त्या दिवशी मास्तरांनी ते पुन्हा जमिनीवर अंथरलं. एक सुरकुती नाही, एक फुगा नाही, तिन्ही कडा दोरी ताणल्यासारख्या सरळ. सून खरोखरच थक्क झाली. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता कसं कापडासारखं कापड दिसतंय," ते म्हणाले. "बोट पाण्यात जाऊ दे. ती बघतो आणि जातो. खोली ठेवतो म्हणून मालकाला महिनाअखेरी कळवून टाकू."

बोट पाण्यात गेली. चार वर्षं कोरड्या पडलेल्या फळ्यांमधून पाणी यायला लागलं आणि बोटीच्या तळाशी धडपड्यानं लावलेली डबी दर दहा मिनिटांनी फोनवर बोंब मारू लागली. "पिऊ द्या तिला पाणी," मिस्त्री म्हणाला. "लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतील. तुमच्या त्या डबीला तेवढं कुणीतरी समजावा." तीन दिवसांत फटी मिटल्या. चौथ्या दिवशी शीड डोलकाठीवर चढवलं. मास्तर धक्क्यावर स्टुलावर बसून बघत होते.

मिस्त्रीही बघत होता. त्यानं शीड वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. "शिवण एक नंबर," तो मास्तरांना म्हणाला. "जन्मात पाहिली नाही अशी." मास्तर प्रसन्न झाले. मग मिस्त्रीनं धडपड्याला दंडाला धरून शेडमध्ये नेलं.

"साहेब, हे शीड नाही. ही चादर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? वारा धरायला शिडाला पोटासारखा खोलवा लागतो. तो कापडातच शिवलेला असतो, कडांच्या बाकात आणि त्या निमुळत्या शिवणींत. तुमच्या वडिलांनी तो सगळा काढून टाकला. सोसाट्याचा वारा असला तर चालेल एक वेळ. इथल्या झुळकेवर ही जागची हलायची नाही."

धडपड्याला ती बुधवारची संध्याकाळ आठवली, खडूच्या खुणा आठवल्या आणि आपण तिथे बूट हातात घेऊन आनंदानं उभे होतो तेही आठवलं.

"सांग त्यांना," बायको घरी म्हणाली.

"सांगितलं तर उद्याच्या गाडीनं जातील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पुढच्या आठवड्यातल्या."

"मग प्रश्न सहा दिवसांचाच आहे," ती म्हणाली. "अरे, ते शिंपी आहेत, काचेचं भांडं नाहीत." पण धडपड्याचा धीर होईना. अख्ख्या तीन महिन्यांत बाबांना या घरात एकच गोष्ट मनासारखी करायला मिळाली होती, आणि तीच चुकली हे त्यांना सांगायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बापलेक पहिल्यांदा बोट घेऊन खाडीत गेले. वारा अंगाला गोड लागेल इतकाच होता. शीड ताठ उभं राहिलं, आणि बोटही. वल्ही मारत गप्पा छाटणाऱ्या दोन आजीबाई त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि जाताना हात हलवून गेल्या.

"आपण चाललोय ना?" मास्तरांनी विचारलं.

"चाललोय."

"मग ते झाड मघापासून तिथेच कसं?" धडपड्यानं उगाच दोर ताणून पाहिला. मास्तरांचं लक्ष सुकाणूपाशी लावलेल्या डबीकडे गेलं. ती बोटीचा वेग दाखवायची. "तुझी डबी काय म्हणते?"

"ताशी एक किलोमीटर. पण डबी बिघडलीय, बाबा."

आयुष्यात त्यानं लहानमोठी तीसेक यंत्रं केली असतील. त्यातलं हे एक पूर्ण झालेलं, नीट चाललेलं आणि खरं बोलणारं यंत्र, आणि नेमकं यालाच त्याला खोटं पाडावं लागलं. "तुझ्या यंत्रांचं काही खरं नाही," मास्तर समाधानानं म्हणाले. "आणि बोटही म्हातारी आहे, तिला तरी काय बोलायचं? शीड मात्र बघ. एक सुरकुती नाही." धडपड्यानं मान हलवली. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

आठवडाभर त्यानं पळवाटा शोधल्या. दोऱ्या सैल करून पाहिल्या, डोलकाठी वाकवता येईल का ते मिस्त्रीला विचारलं. "काठी वाकवाल, कापड कुठून आणाल?" मिस्त्रीनं विचारलं. महिना संपायला एक दिवस राहिला. मास्तरांनी मशीनचं खोकं माळ्यावरून काढून ठेवायला सांगितलं, आणि जाण्याआधी एक शेवटची फेरी मारू म्हणाले.

खाडीत वारा तसाच होता, मंद. बोट कशीबशी मध्यावर पोचली.

"डबी दुरुस्त केलीस?"

"हो."

"काय म्हणते?"

"ताशी एक."

"मग अजून बिघडलेलीच आहे," मास्तर म्हणाले.

इथे नुसतं 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण बाबा उद्या एकटेच त्या तिसऱ्या मजल्यावर जाणार आणि आपण त्यांच्यासोबत बांधून देणार ते एक खोटं, हा विचार धडपड्याला सहन होईना. या माणसानं उभ्या जन्मात वाईट बसलेल्या कोटाला चांगला बसला म्हटलं नव्हतं.

"डबी बिघडली नव्हतीच, बाबा," तो म्हणाला. "शीड चुकलंय. तुम्ही ते सपाट केलंत, ते सपाट नसायलाच हवं होतं. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. आणि मिस्त्रीनं सांगितल्यावरसुद्धा मी आठवडाभर लपवलं."

मास्तरांनी मान वर करून शीड पाहिलं, मग दूरवर चाललेल्या एका बोटीकडे पाहिलं. तिचं शीड वाऱ्यानं भरलेलं होतं. "त्या बोटीच्या मागे घे."

"आपल्याला ती गाठता येणार नाही, बाबा. तीच तर अडचण आहे."

सुदैवानं ती बोटच वळून यांच्या बाजूला आली. सुकाणूवर मोठी टोपी घातलेली एक बाई होती. मास्तर अर्धवट उठून उभे राहिले आणि दुकानातल्या आरशासमोर गिऱ्हाइकाला सांगत त्याच अदबशीर आवाजात म्हणाले, "जरा वळता का?"

बाई गोंधळली. पण आवाजच असा होता की नाही म्हणवेना. तिनं यांच्याभोवती बोटीचा एक संथ वळसा घेतला. मास्तरांनी ते शीड गळ्यापासून काठापर्यंत पाहिलं, पाठीकडून पाहिलं, कुशीकडून पाहिलं. "आभारी आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

"टक आहेत," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"काय?"

"कोटाच्या छातीला घालतो तसे टक. ती निमुळती शिवण. दारू पिऊन शिवलेली नव्हती. टक होते ते, आणि मी उसवले. कोट जमिनीवर अंथरला तर सपाट बसतो का? सपाट बसला तर तो कोट नव्हे, गोणपाट." त्यांनी तळहात वर करून वाऱ्यात धरला. "गिऱ्हाईक हा. आणि याला न बघताच मी कात्री लावली. अठ्ठेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

धडपड्या पुढचं ऐकायच्या तयारीनं बसला. ते आलंच.

"आणि तू आठवडाभर गप्प बसलास."

"हो."

"कशासाठी?"

"तुम्ही जाल म्हणून."

"मी उद्या जाणारच होतो."

"तेच," धडपड्या म्हणाला. "तुम्ही जाऊ नये असं मला वाटतंय. तुम्ही आलात त्या दिवसापासून वाटतंय. त्या जिन्यासाठी नाही, डोळ्यांसाठी नाही. तुम्ही घरात असलात की मला बरं वाटतं."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून ऑपरेशन झालेले दोन्ही डोळे, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे, हलक्या हातानं टिपले. "एवढं बोलायला तुला चार वर्षं बोट दुरुस्त करावी लागली," ते म्हणाले. राहतो की जातो ते मात्र बोलले नाहीत. उरलासुरला वाराही पडला, आणि धडपड्याला धक्क्यापर्यंत वल्ही मारावी लागली. वाटेत त्या दोन आजीबाईंनी त्यांना पुन्हा एकदा मागे टाकलं.

धक्क्यावर मिस्त्रीनं दोर धरला. मास्तर बोटीतूनच त्याच्याशी बोलायला लागले.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो, मास्तर."

"आणि तुम्ही शिवणीचं कौतुक करून मोकळे झालात."

"शिवण एक नंबरच आहे."

"ते मला माहीत आहे. कडा मी कापल्यात, त्या काही परत येणार नाहीत. नव्या पट्ट्या घालाव्या लागतील. हे कापड कुठे मिळतं?"

"मागवावं लागतं. महिना तरी जातो."

"आणि वारा रोज असाच असतो?"

"छे. थंडीत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा," मिस्त्री म्हणाला. "ज्यांना परवडतं ते दोन शिडं ठेवतात."

मास्तर विचारात पडले. हिशेब चाललाय हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. मग त्यांनी हात पुढे केला. धडपड्याला वाटलं उतरायला आधार हवाय, म्हणून त्यानं तो धरला.

"हात नको, फोन दे. खोलीमालकाला लाव."

धडपड्यानं नंबर लावून दिला. मास्तर बोटीत उभे राहूनच बोलले, पाच तासांवरच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात.

"हां, मीच. खोली देऊन टाका पुतण्याला. हो, उद्यापासून दिली तरी चालेल. नाही, नाही, तब्येत ठणठणीत आहे. डोळेही चांगले झाले, दोन्ही. मुलगा? तो काय म्हणणार, तो बोलतो कुठे." ते क्षणभर थांबले, पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "अहो, कसा येऊ?" मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मिस्त्रीनं दोर बांधता बांधता मान वर करून पाहिलं. "इथे माझ्या हातून एक काम बिघडलंय."